छप्पनची फ्रेम स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

हा एपिसोड आल्यापासून बऱ्याच जणांनी सांगितलं की गाडी चालवताना ऐकलं, आकडे लक्षात राहिले नाहीत, लिहून द्या. म्हणून हे लिखित रूप. बोललो तसंच्या तसं नाही, मधली “म्हणजे”, “अं” काढून टाकलीत आणि काही ठिकाणी हिशेब जरा सविस्तर मांडलाय.

सुरुवात एका प्रश्नापासून. लोहोणेरच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे १६८ सेंटीमीटर. नाशिकला एक सेकंडहँड कार्बन रोडसायकल विकायला आहे, साइज ५६, किंमत ६५ हजार. विकणारा म्हणतो, “सीट खाली केली की कोणालाही बसते.” फ्रेम दिसायला एक नंबर आहे, मॅट काळी. कांद्याचे पैसे नुकतेच हातात आलेत, डिसेंबरमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम करायची आहे आणि रविवारपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. शेवटी त्याने विचारलंय, “भाऊ, दोन-चार सेंटीमीटरने असा काय फरक पडतो?”

पडतो. पण का पडतो हे कळल्याशिवाय “नको घेऊ” एवढं सांगून उपयोग नाही, कारण पुढच्या महिन्यात दुसरी जाहिरात दिसणारच आहे.

आधी हा ५६ आकडा कुठून आला ते बघू. आपल्या कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, ज्यांच्या घरी जुनी काळी सायकल होती त्यांना “बावीसची” आणि “चोवीसची” हे शब्द माहीत असतील. बाजारातून येताना वडील दुकानदाराला तेवढंच सांगायचे. हे इंच म्हणजे पायडलच्या अॅक्सलपासून सीटच्या खालच्या नळीच्या टोकापर्यंतची लांबी. पोरं चोवीसच्या दांडीवरून पाय टाकूच शकत नव्हती, म्हणून दांडीखालून पाय घालून, वाकडं होऊन हाफ पायडल मारत शिकायची. साइजची पहिली ओळख आपल्याला तशी लहानपणीच झालेली असते. रोडसायकलचं ५६ हे त्याच नळीचं माप, फक्त सेंटीमीटरमध्ये. बावीस इंच म्हणजे साधारण ५६ सेंटीमीटरच.

जुन्या स्टीलच्या रेसिंग सायकलींची वरची दांडी जमिनीला समांतर असायची. त्यामुळे सीटच्या नळीची लांबी सांगितली की बाकीच्या सायकलचा अंदाज यायचा. दुकानदार म्हणायचा, सीट बरोबर उंचीवर असताना सीटपोस्ट मूठभर दिसली पाहिजे. ते माप ठीक होतं. मग १९९७ साली जायंट कंपनीने टीसीआर नावाची सायकल आणली. माइक बरोज या इंग्रज डिझायनरने तिची वरची दांडी मागे उतरती केली. मागचा त्रिकोण लहान झाला, वजन कमी झालं, फ्रेम कडक झाली आणि कंपनीला दहा साइजऐवजी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीनच साइज काढून भागवता येऊ लागलं. उरलेला फरक लांब सीटपोस्ट आणि वेगवेगळ्या स्टेमने भरून काढायचा. स्पेनच्या ओन्से टीमने ती शर्यतीत चालवली आणि काही वर्षांत जवळजवळ सगळ्या कंपन्या उतरत्या दांडीवर आल्या.

गंमत अशी की दांडी उतरती झाली, पण आकडे तेच राहिले. आज एका कंपनीच्या ५४ मध्ये सीटची नळी प्रत्यक्षात ५० सेंटीमीटर असते, दुसरीच्या ५४ मध्ये ५२. तो आकडा आता शर्टवरच्या “एल”सारखा झालाय. एका ब्रँडचा एल अंगावर चोपून बसतो, दुसऱ्याच्या एलमध्ये दोन माणसं मावतात.

म्हणून आता दोन मापं बघायची: स्टॅक आणि रीच. पायडलच्या अॅक्सलच्या मध्यबिंदूपासून सरळ वर एक रेघ मारा. पुढच्या नळीच्या, म्हणजे हेडट्यूबच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची हा स्टॅक. त्या रेघेपासून हेडट्यूबच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर हा रीच. सीटचा यात काही संबंध नाही, आणि तेच बरं आहे. सीट वर-खाली, मागे-पुढे करता येते. हेडट्यूब जिथे आहे तिथेच राहते.

आता लोहोणेरच्या भावाचा हिशेब करू. कंपनीचं नाव नको. बाजारात दिसतात तसे आकडे धरू. ५६ च्या फ्रेमचा स्टॅक ५७५ मिलिमीटर आणि रीच ३९०. त्याच मॉडेलच्या ५२ चा स्टॅक ५२५ आणि रीच ३७८. पहिल्या नजरेला काय दिसतं? रीचमध्ये फक्त १२ मिलिमीटरचा फरक. एक सेंटीमीटर! स्टेम थोडा आखूड लावला की झालं. विकणारेही हेच सांगतात आणि इथेच लोक फसतात.

कारण हेडट्यूब तिरकी असते, जमिनीशी साधारण ७३ अंशांत, मागे झुकलेली. तुम्ही स्टेमखाली एक सेंटीमीटरचा स्पेसर टाकला की हँडल साधारण एक सेंटीमीटर वर जातं आणि त्याचबरोबर तीन मिलिमीटर तुमच्याकडे येतं. म्हणजे दोन फ्रेमची तुलना करायची तर हँडल एकाच उंचीवर आणून करायला हवी. छोट्या फ्रेमला ५० मिलिमीटर वर न्यायचं म्हटलं तर तिचा रीच १५ मिलिमीटरने कमी होऊन ३६३ उरतो. आता फरक किती? २७ मिलिमीटर. जवळजवळ तीन सेंटीमीटर. कागदावर बारा दिसत होते, रस्त्यावर सत्तावीस निघाले.

(प्रत्यक्षात ५० मिलिमीटरचे स्पेसर कोणी टाकू नये. कार्बन स्टिअरर असेल तर कंपनीने किती परवानगी दिली आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक ठिकाणी मर्यादा तीन-चार सेंटीमीटरच्या आसपास असते.)

पुढचा प्रश्न: ह्या भावाला किती लागतं? उंची इथे फारशी कामाची नाही. पाच फूट सहा इंचाच्या दोन माणसांच्या पायांत चार सेंटीमीटरचा फरक सहज असतो. मोजायचा असतो इनसीम, पायाची आतली लांबी. पँटचा नाही बरं का, टेलरचं माप इथे चालत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा, एक जाडसर वही किंवा पुस्तक मांड्यांमध्ये आडवं धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा, वहीची कड भिंतीला काटकोनात टेकवून खूण करा आणि जमिनीपासून मोजा. तीनदा मोजा. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या, पण वही घट्टच ओढा, नाहीतर दोन सेंटीमीटर कमी येतात.

त्याचा इनसीम आला ७८. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन रायडर ग्रेग लेमाँड याने एक सूत्र लोकप्रिय केलं, मूळ त्याचे फ्रेंच कोच सिरिल गिमार यांच्या पद्धतीतलं: इनसीम गुणिले ०.८८३ म्हणजे पायडल अॅक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. ७८ गुणिले ०.८८३, म्हणजे ६८.९ सेंटीमीटर. हे सूत्र जुन्या जाड पायडल-बुटांच्या काळातलं आहे, आजच्या पातळ क्लिपलेससाठी तीन-चार मिलिमीटर कमी धरून सुरुवात करा. तेच ७८ गुणिले ०.६७ केलं तर जुन्या समांतर दांडीच्या फ्रेमचं माप मिळतं: सव्वाबावन्न. ही सूत्रं म्हणजे देववाणी नव्हे. पण ५६ आणि ५२ मध्ये निवड करायची असेल तेव्हा कुठल्या बाजूला जायचं ते नक्की सांगतात.

तर ५६ घेतली तर काय होईल? सीट खाली जाईल, विकणारा खोटं बोलत नाहीये. पाच मिनिटांच्या ट्रायलमध्ये तर ती छानच वाटेल, कारण मोठ्या फ्रेमचं हँडल उंच असतं आणि कमी वाकावं लागतं. त्रास लांबीचा आहे, आणि तो पाच मिनिटांत कळत नाही. चांदवडच्या पुढे कुठेतरी, तासा-दीड तासाने कळतो. हात पूर्ण ताणलेले राहतात, कोपर सरळ होऊन अडकतात, खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट खांद्यात जातो. मग माणूस नकळत सीटच्या टोकावर सरकतो. तिथे बसणं सीटच्या डिझाइनमध्येच नाही, त्यामुळे खाली बधिरपणा येतो. करंगळी आणि अनामिका झिणझिणायला लागली तर तळहाताच्या कडेने जाणारी अल्नार नस दबतेय असं समजा.

उपाय म्हणून ११० चा स्टेम काढून ७० किंवा ८० चा लावता येतो. येतो, पण हँडलची चाल बदलते, जरा चंचल होते, आणि शरीराचा भार पुढच्या चाकावरून मागे सरकतो. सीट पुढे ढकलून अंतर कमी करू म्हणाल, तर मग गुडघा पायडलच्या पुढे जातो. सीट मागे-पुढे करणं हे पायाचं काम आहे, हाताची अडचण तिने सोडवायची नाही. त्यात ५६ बरोबर हँडलही रुंद येतं, ४२ किंवा ४४ चं, आणि क्रँक १७२.५ किंवा १७५ चे. तुमचे खांदे ३९ असतील तर तेही बदला. वायर स्टेमच्या आतून गेलेल्या असतील तर नुसता स्टेम बदलायलासुद्धा ब्रेकची नळी उघडावी लागते, तेल भरावं लागतं. ६५ हजारांची सायकल बघता बघता ८० ला जाते आणि एवढं करून ती फक्त “चालवण्यासारखी” होते.

म्हणून भावा, उत्तर: नको घेऊ. ५२ बघ, काही ब्रँडची ५४ पण चालेल. स्टॅक ५२० ते ५४५ आणि रीच ३७० ते ३८२ या दरम्यान असेल तर फोन कर, नसेल तर फोटो कितीही भारी असू दे. पैसे बँकेत राहिले तर सडत नाहीत, कांद्यासारखे.

आणि दोन साइजच्या मध्ये अडकलात तर? माझं मत लहानीकडे. छोटी सायकल स्टेम आणि सीटपोस्टने थोडी मोठी करता येते. मोठी लहान करायला जागा कमी असते. पण याला मर्यादा आहे. सीटपोस्टवर “मिनिमम इन्सर्शन” ची रेघ असते, तिच्या वर पोस्ट ओढली तर फ्रेम फुटू शकते. ज्यांची पाठ ताठ आहे किंवा चाळिशी ओलांडली आहे त्यांनी लहान फ्रेम घेताना स्टॅक नीट तपासावा, कारण लहान फ्रेम म्हणजे खाली हँडल.

इथून आपण दिसण्याच्या विषयावर येतो, आणि यावर जरा थांबू, कारण खरी भांडणं इथे होतात.

देवळ्याच्या पाच कंदील चौकात रोडसायकल घेऊन उभे राहिलात तर पहिला प्रश्न ठरलेला: “हाई गाडी कितला सीसीनी शे, भाऊ?” आपल्याकडे बाईक म्हणजे पेट्रोलची. दुसरा प्रश्न किमतीचा, आणि आकडा ऐकल्यावर तिसरा प्रश्न येत नाही. पण सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला की वेगळी मंडळी जागी होतात. स्टेमखाली स्पेसर किती? सीटपोस्ट किती बाहेर? सीट आणि हँडलमध्ये उतार किती? फोटो चेनच्या बाजूने काढायचा, चेन मोठ्या चकतीवर हवी, व्हॉल्व्ह टायरच्या नावासमोर हवा, सीटखाली पिशवी नको. “स्लॅम” केलेला स्टेम, म्हणजे एकही स्पेसर नाही, थेट हेडट्यूबवर बसलेला, हे सौंदर्याचं शिखर. तीन स्पेसर दिसले की कोणीतरी लिहितंच: “आजोबा, रस्ता चुकलात का?”

यात हसण्यासारखं असलं तरी सगळंच वेडेपणाचं नाही. लांब सीटपोस्ट, खाली हँडल, लांब स्टेम हे रूप शर्यतीतल्या रायडर्सकडून आलंय आणि त्यांच्याकडे त्यामागे कारण आहे. खाली वाकलं की वारा कमी अडतो, आणि सपाटीवर तीसच्या पुढे तुमची बहुतेक ताकद वाऱ्याशीच भांडण्यात जाते. पण एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तो रायडर जोरात पायडल मारत असतो. पाय जेव्हा खाली जोर देतात तेव्हा तेच पाय वरच्या शरीराला उचलून धरतात, हातांवर वजन कमी येतं. ३०० वॅटवर खाली वाकून बसणं सोपं असतं. त्याच स्थितीत १२० वॅटने रमतगमत गेलात की सगळा भार तळहातांवर आणि मानेवर. स्लॅम केलेला स्टेम त्या रायडरच्या पायांच्या ताकदीवर उभा असतो. नुसता स्टेम विकत घेता येतो, पाय नाही.

मानेचा विषय निघालाच आहे तर नाशिकची आठवण काढायला हवी. रेस अक्रॉस अमेरिका, रॅम, ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांची टीम म्हणून नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, असं करणारे ते पहिले भारतीय; पाठोपाठ त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ. आपल्या जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं जे वेड दिसतं त्याची बरीचशी मुळं इथे आहेत.

याच शर्यतीने सायकलवाल्यांना एक दुखणं नावानिशी दिलं: शर्मर्स नेक. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या रायडरची मान इतकी थकली की डोकं वर धरता येईना. तासन् तास वाकून, मान मागे मोडून पुढे बघत राहिलं की मानेचे स्नायू एका क्षणी संप पुकारतात. तेव्हापासून त्या शर्यतीत अनेकांना हे झालंय. मी हे घाबरवायला सांगत नाही. २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये कोणाची मान लोंबकळत नाही. पण तिला साडेतेरा तास मिळतात आणि आपल्यातले बरेच जण त्यातले दहा-बारा तास सीटवर काढतात. तेव्हा दोन सेंटीमीटरचे स्पेसर आणि हलणारी मान, की शून्य स्पेसर आणि हजार लाइक्स, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा कल तुम्हाला कळलाच असेल.

आणखी एक, आपल्या रस्त्यांचं. भावडबारी घाट किंवा चांदवडजवळचा राहुड घाट उतरताना ब्रेकवर बोटं नीट पोहोचायला हवीत. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढलात तर चढताना काही वाटत नाही, उतरताना वळणावळणाला ब्रेक लागतो. हँडल लांब आणि खूप खाली असेल तर माणूस खालच्या वाकड्या भागात, ड्रॉप्समध्ये, हात नेतच नाही. वरूनच दोन बोटांनी ब्रेक ओढत राहतो, आणि तिथून जोर कमी लागतो. समोर कांद्याचा ट्रॅक्टर आला की मग कळतं. ज्या हँडलच्या ड्रॉप्समध्ये तुम्ही दहा मिनिटं आरामात राहू शकत नाही, ते हँडल तुमच्यासाठी खालीच आहे, फोटोत कितीही शोभो. हात लहान असेल तर ब्रेकच्या लिव्हरला बहुतेक एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर जवळ आणता येते. हे फुकटचं काम आहे आणि निम्म्या लोकांनी केलेलं नसतं.

उमराण्याच्या एका ताईंचा प्रश्न होता: उंची पाच फूट एक इंच, सायकल मिळत नाही, आणि मिळते ती “विचित्र दिसते”. दोन्ही खरं आहे. कंपन्या जाहिरातीत बहुतेक मधल्या-मोठ्या साइजची सायकल दाखवतात, आणि आपले डोळे त्या प्रमाणाला सरावलेत. ४४ किंवा ४७ च्या फ्रेममध्ये चाकं तीच ७०० सी ची, त्रिकोण मात्र चिमुकला, हेडट्यूब बोटभर. त्यामुळे चाकं अंगावर आल्यासारखी दिसतात. दिसण्याचं सोडा, एक खरी अडचण आहे. पुढचं चाक जवळ असल्याने हँडल वळवल्यावर बुटाचं टोक चाकाला लागतं. वेगात हे होत नाही, कारण वेगात आपण हँडल एवढं वळवतच नाही. गर्दीत, अगदी हळू वळताना होतं आणि माणूस आडवा होतो. घेण्याआधी दुकानातच बूट घालून, पायडल आडवं ठेवून, हँडल वळवून बघा. आखूड क्रँक असेल तर हे कमी होतं. १६५ चे क्रँक मागा आणि कोणी “ते लहान मुलांचे” म्हणालं तर तादेय पोगाचारचं नाव सांगा. पावणेसहा फुटांचा गडी २०२४ मध्ये १६५ वरच टूर जिंकला. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, म्हणून त्यांची सायकल वेगळी, असं दुकानात ऐकायला मिळतं. वही भिंतीला लावा, मोजा, आणि स्वतःचा आकडा घेऊन जा.

सायकल आधीच घेतलेली आहे, आता काय, असं विचारणारे सगळ्यात जास्त होते. पुण्या-मुंबईला जाऊन पैसे देऊन फिटिंग करून घेता येतं, आणि दुखणं जुनं असेल तर ते करावंच. पण त्याआधी मोबाइल आहे ना खिशात. मांडीचं हाड कमरेपाशी बाहेरून लागतं तिथे, गुडघ्याच्या बाजूला आणि घोट्यावर एकेक रंगीत टिकली लावा. सायकल ट्रेनरवर किंवा भिंतीला धरून ठेवा. मित्राला कंबरेच्या उंचीवर मोबाइल धरून तीन मीटरवरून, अगदी बाजूने, स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. पायडल अगदी खाली असताना व्हिडिओ थांबवा. स्थिर बसून मोजलं तर गुडघ्याचा वाक २५ ते ३५ अंश असावा. चालत्या पायडलवर तो थोडा जास्त दिसतो, घाबरू नका. मागून शूट केलं आणि कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसली तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं तेव्हा बहुधा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखतं तेव्हा उंच. बहुधा म्हणालो, दोन आठवडे दुखणं थांबलं नाही तर व्हिडिओ बंद करा आणि डॉक्टर गाठा.

सीट मागे-पुढे किती? पायडल आडवं असताना गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या अॅक्सलवरून जावा, असा नियम सगळीकडे सांगतात. अमेरिकन फ्रेम बिल्डर कीथ बॉन्ट्रेगर यांनी तो नियम खोडून काढणारा लेखच लिहिला होता. त्यांचा मुद्दा असा की गुडघा आणि अॅक्सल यांच्या उभ्या रेघेत कुठलीही जादू नाही, महत्त्वाचा आहे शरीराचा तोल. ते बरोबर आहे. तरी सुरुवातीला कुठेतरी खुंटी ठोकावी लागतेच, म्हणून ओळंबा वापरा, आणि मग हात हँडलवरून क्षणभर उचलून बघा. पुढे कोसळलात तर सीट जरा मागे.

एका वेळी एकच बदल करा. सीट सात मिलिमीटर वर, स्टेम दहाने आखूड आणि क्लीट पण फिरवली, तर दुखणं कशाने गेलं किंवा कशाने आलं ते कधीच कळणार नाही. सीटपोस्टला इलेक्ट्रिकलची टेप गुंडाळून जुनी उंची खूण करून ठेवा. एडी मर्क्स, ज्याला कित्येक जण सर्वकाळातला मोठा रायडर मानतात, १९६९ मध्ये ब्लॉइसच्या ट्रॅकवर भयंकर पडला, कंबर सरकली, आणि त्यानंतर आयुष्यभर सीटची उंची बदलत राहिला, अगदी चालू शर्यतीतसुद्धा पाना काढून. त्याला कारण होतं. तुम्हाला मात्र दर रविवारी बदलायचा नाद लागला असेल तर पाना महिनाभर घरीच ठेवा आणि शरीराला सवय होऊ द्या.

स्टेमचं एक छोटं गणित देऊन थांबतो. बहुतेक स्टेमवर उणे ६ अंश लिहिलेलं असतं. तोच स्टेम उलटा लावला की अधिक ६ होतो. १०० मिलिमीटरच्या स्टेमला एवढ्याने हँडल दोन सेंटीमीटर वर आणि सहा मिलिमीटर जवळ येतं. चार बोल्ट पुढचे, दोन मागचे, खर्च शून्य. फक्त टॉर्क रेंच हवा, कार्बनवर हाताच्या अंदाजाने आवळू नका. वर चढणारा स्टेम दिसायला जरा गाढवासारखा दिसतो, मान्य आहे. महिनाभर तसा चालवा. आवडला तर तेवढ्याच उंचीला स्पेसर टाकून स्टेम परत सरळ लावता येतो, आणि स्टिअरर कापायची वेळ आली तर ती त्यानंतरची. दुकानदार म्हणेल, “आत्ताच कापून देतो, स्वच्छ दिसेल.” त्याला सांगा, जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर ठेव. वर राहिलेला दोन सेंटीमीटरचा तुकडा फोटोत खटकतो खरा, पण कापलेला स्टिअरर पुन्हा वाढत नाही.

पुढच्या एपिसोडला क्लीट आणि सीटची रुंदी. तोवर इनसीम मोजून ठेवा.